अडीअडचणीचा पैसा किती ठेवावा? एका निवृत्त बँकवाल्याचा हिशोब



हल्ली लग्न-मुंजीत भेटलेली तरुण मुलं मला कोपऱ्यात घेऊन एकच प्रश्न विचारतात. "काका, इमर्जन्सी फंड किती ठेवायचा? सहा महिन्यांचा पगार पुरे ना?" मी बी.कॉम. होऊन राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो आणि अडतीस वर्षं तिथेच काढली, म्हणून विचारतात. आणि त्यांचे आईवडील, म्हणजे आपल्या वयाची मंडळी, शेजारी उभी राहून हसतात. त्यांना वाटतं हे नवीन खूळ आहे. "आमच्या वेळी कुठे होता फंड-बिंड? सोनं होतं, माणसं होती, चाललं."

मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. पोरांना आकडा हवा असतो, पण तो ते चुकीच्या जागेवरून काढतात. मोठ्यांना वाटतं आपल्याकडे भरपूर आहे, आणि असतंही. पण रात्री दहा वाजता हाताशी किती येईल हे त्यांनी कधी मोजलेलं नसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ही रक्कम पगारावरून ठरत नाही. ती घरच्या खर्चावरून ठरते, घरात मिळवते हात किती आणि खाणारी तोंडं किती यावरून ठरते, आणि तो पैसा काढायला कोणाची सही चालते यावरून ठरते. यातली शेवटची गोष्ट कोणी विचारतच नाही. मी काउंटरच्या आतून घरं अडलेली पाहिली ती बहुतेक वेळा तिथेच.

खर्चापासून सुरू करू. हा हिशोब आपल्या बडोद्यातल्या घरांना नवा नाही. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे, आठवतंय ना? भालिया गहू यायचे, गच्चीवर वाळायचे, बायका निवडायला बसायच्या, मग एरंडेलाचा हात लावून कोठीत जायचे. इथल्या बोलीत दिवेल. काही घरांत अजूनही भरतात. किती पोती घ्यायची हे आजोबांच्या पगारावरून कोणी ठरवत नव्हतं. माणशी किती लागतं, पाहुणे किती येतात, यंदा घरात बाळंतपण आहे का, यावरून आजी आकडा सांगायची. छप्पनिया दुष्काळाच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या गोष्टी ऐकत वाढलेली पिढी होती ती. कोठी रिकामी असण्याचा अर्थ तिला माहीत होता. अडीअडचणीचा पैसा म्हणजे तीच कोठी. फक्त गव्हाच्या जागी रुपये.

आता एक घर घेऊ. मांजलपूरला राहणारं, नवरा-बायको, एक मूल, एक आजी. मिळवता एकच. महिन्याचा न टळणारा खर्च असा मांडा. किराणा १४,०००. दूध-भाजी ८,०००. लाईट, गॅस, मोबाइल मिळून ५,०००. शाळेची फी महिन्याला ७,०००. घराच्या कर्जाचा हप्ता १८,०००. आजीची औषधं ४,०००. पेट्रोल ३,०००. कामाची बाई ३,०००. बेरीज ६२,०००. यात हॉटेल नाही, सहल नाही, एसआयपी नाही. संकटात या गोष्टी थांबवता येतात. हप्ता आणि औषध थांबवता येत नाही.

आता त्या नवऱ्याचा पगार हातात ९५,००० येतो म्हणून सहा महिन्यांचे ५,७०,००० ठेवायचे का? नको. सहा महिन्यांचा खर्च होतो ३,७२,०००. पण उलटही होतं. पगार ६०,००० आणि खर्च ६२,००० अशी घरंही मी पाहिली आहेत. तिथे पगाराचा सहापट ठेवला तरी कमी पडतो, आणि मुळात तिथे आधी खर्चाकडे बघायला हवं.

यात वर्षातून एकदाच येणारी बिलं मिळवा. विम्याचा प्रीमियम, महापालिकेचा वेरा, गाडीचा विमा. यांच्या तारखा ठरलेल्या असतात, म्हणून ही अडचण नव्हे, पण संकट नेमकं त्याच महिन्यात आलं तर दोन्ही एकदम अंगावर येतं. त्यासाठी वरच्या आकड्यात ४०-५० हजार धरा. म्हणजे या घराची कोठी साधारण सव्वाचार लाखांची.

सहा महिने सगळ्यांना सारखे का? मुळीच नाही. माझा ठोकताळा सांगतो. नवरा-बायको दोघं मिळवते आणि त्यातली एक नोकरी सरकारी, तर चार महिने पुरतात. एकच मिळवता आणि खासगी नोकरी, तर सहा हा किमान आकडा समजा, नऊ असले तर बरं. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर नऊच धरा, कारण त्या वयात सुटलेली नोकरी परत मिळायला वेळ लागतो. स्वतःचा धंदा असेल तर बारा. मकरपुरा जीआयडीसीत ज्यांची छोटी युनिट्स आहेत त्यांना हे पटवून द्यायला नको. माल गेलेला असतो, बिल पास झालेलं असतं, पैसे मात्र तीन-चार महिने येत नाहीत. त्यांना एकच सांगणं, की धंद्याचा गल्ला आणि घरची कोठी यांचं खातं वेगळं ठेवा. एका खात्यात असलं की कारागिरांचा पगार आधी जातो आणि किराणा उधार येतो.

आता आपल्या वयाच्या मंडळींचं. "आम्हाला पेन्शन आहे, ते थोडंच थांबणार?" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. पेन्शन थांबतं, मंडळी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही तर थांबतं. आणि पेन्शनर गेला की त्याचं पेन्शन त्याच्याबरोबर थांबतं. बायकोचं फॅमिली पेन्शन सुरू होईपर्यंत कागद फिरतात, आणि सुरू झालं तरी ते कमी असतं. आम्हा बँकवाल्यांत फॅमिली पेन्शन २०२१ मध्ये सरसकट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के झालं, त्याआधी बऱ्याच जणींना त्याहूनही कमी मिळत होतं. म्हणजे घरातलं एक माणूस कमी झालं तरी लाईट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, कामाची बाई हे सगळं तेवढंच राहतं, आणि येणारे पैसे एकदम खाली येतात. म्हणून पेन्शनर जोडप्याने सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवावाच. पेन्शन हे तो न ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

त्यावर दवाखान्याची रक्कम वेगळी. मेडिक्लेम आहे, बरोबर. पण कॅशलेसला मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट मागतात. पॉलिसीत को-पे असेल तर तो हिस्सा तुमचा. काही वस्तूंचे पैसे विमा देत नाही. घरी आल्यावर नर्स, फिजिओ, कमोड खुर्ची. दोन वृद्ध माणसांच्या घरात यासाठी दीड-दोन लाख निराळे हवेत असं माझं मत आहे. ज्यांच्याकडे मेडिक्लेमच नाही त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना हा आकडा कितीतरी मोठा धरावा लागेल.

आता "आमच्याकडे भरपूर आहे" म्हणणाऱ्यांकडे वळतो. काय आहे ते एकेक बघू.

सोनं आहे. कुठे आहे? लॉकरमध्ये. लॉकर उघडतो बँकेच्या वेळात. रविवार बंद, दुसरा आणि चौथा शनिवार बंद, सणाची सुट्टी जोडून आली की तीन-चार दिवस गेले. लॉकर ज्याच्या नावावर तोच आजारी पडला की किल्ली हातात असूनही उपयोग नाही. आणि सोनं विकायचं किंवा गहाण ठेवायचं तर घडणावळ धरत नाहीत, खड्यांचं वजन वजा होतं. सोनं ही आपली शेवटची फळी आहे, आणि तिला शेवटीच हात लावावा. आईच्या पाटल्या एका अॅडमिशनच्या डिपॉझिटसाठी मोडायला निघू नये.

घर आहे, प्लॉट आहे. बाबाजीपुऱ्यातला वडिलोपार्जित वाडा असेल तर सातजणांच्या सह्या लागतील. पुढे जाऊ.

शेअर, म्युच्युअल फंड आहेत. पोरं म्हणतात, लागले तर विकू. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२,००० च्या वर जाऊन आला होता. २३ मार्चला तो २६,००० च्या खाली बंद झाला. त्याच आठवड्यात देशभर लॉकडाऊन लागला, आणि पुढच्या महिन्यांत कितीकांचे पगार कापले गेले, कितीकांच्या नोकऱ्या गेल्या. नोकरी आणि बाजार एकाच वेळी पडतात, हे त्या वर्षाने दाखवलं. ज्याने तेव्हा विकलं त्याने तळाला विकलं. म्हणून एसआयपी चांगलीच, चालू ठेवा, पण तिला कोठी म्हणू नका.

क्रेडिट कार्ड आहे. त्याचा उपयोग पहिल्या रात्रीपुरता. बिल पूर्ण भरता आलं नाही की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाचं चाळीसच्या घरात जातं. लाखभर रुपये सहा महिने ओढले तर वीस-एकवीस हजार नुसतं व्याज. आमच्या वेळचा सावकार यापेक्षा सौम्य होता असं कधी कधी वाटतं.

मुलगा आहे, पुण्यात किंवा न्यू जर्सीत. तो पाठवेल, यात शंका नाही. पण त्याची रात्र ही आपली सकाळ असते, आणि त्यालाही त्याचे हप्ते आहेत. त्याच्याकडून मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र पहिल्या चोवीस तासांची सोय आपलीच असावी, म्हणजे त्याचं विमान येईपर्यंत घर उभं राहतं.

आणि एफडी आहेत. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आपल्या पिढीच्या मराठी घरात एफडी नाही असं होत नाही. पण ती कोणाच्या नावावर आहे?

शाखेत असताना पाहिलेली एक गोष्ट सांगतो, माणसं ओळखू येणार नाहीत एवढीच. सत्तरीतल्या एक बाई पावत्यांची पिशवी घेऊन आल्या. नवरा आयसीयूमध्ये, शुद्धीवर नाही. पिशवीत अकरा लाखांच्या पावत्या, सगळ्या एकट्या नवऱ्याच्या नावावर, आणि प्रत्येकीवर नॉमिनी म्हणून बाईंचं नाव. त्या म्हणाल्या, "नॉमिनी मीच आहे ना साहेब, मग द्या." मला त्यांना सांगावं लागलं की नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यानंतरचा. ते हयात असताना तुमच्या सहीवर एक रुपयाही देता येत नाही. खातेदार शुद्धीवर असेल, नुसती सही जमत नसेल, तर मार्ग असतो. बँकेचा माणूस जाऊन दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊ शकतो, त्यातला एक साक्षीदार बँकेचा असतो. पण बेशुद्ध माणसाचा अंगठा कोणी घेत नाही, घेऊही नये. मग कोर्टातून पालक नेमून आणण्याचा रस्ता, आणि त्याला लागणारा वेळ. बाई पिशवी आवरून गेल्या. भावाकडून पैसे उसने घेतले असं नंतर कळलं. अकरा लाख रुपयांची मालकी असलेल्या घरात साठ हजार उसने आले.

यात बँकेचा नियम चुकीचा नव्हता. तोच नियम नसता तर म्हाताऱ्या आईबापांच्या ठेवी कोणीही उचलल्या असत्या. पण पाच मिनिटांच्या फॉर्मने जे टळलं असतं ते टळलं नाही.

म्हणून ऐका. अडीअडचणीचं खातं दोघांच्या नावावर हवं, आणि त्यावर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला", म्हणजे बँकेच्या भाषेत आयदर ऑर सर्व्हायव्हर, अशी नोंद हवी. एफडीला एवढ्यानेही भागत नाही. मुदतीपूर्वी मोडायची तर दोघं हयात असताना दोघांच्या सह्या मागतात, जोपर्यंत तुम्ही आधीच लेखी संमती देऊन ठेवलेली नाही. ती संमती एफडी काढतानाच द्या. जुन्या पावत्यांसाठी शाखेत जाऊन विचारा आणि लिहून द्या. नॉमिनेशनही हवंच, ते पुढच्या प्रसंगासाठी आहे. दोन्ही कामं वेगळी आहेत एवढं डोक्यात ठेवा.

आता ही रक्कम ठेवायची कुठे? मी तीन कप्पे सांगतो.

पहिला, घरात रोख. आजच्या यूपीआयच्या दिवसांत पोरं यावर हसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा कितीतरी भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. मोबाइल चार्ज नाही, एटीएमपर्यंत जायला रस्ता नाही. दूधवाला, पाण्याची बाटली, ट्रॅक्टरवाला, सगळे रोखीने. दहा-पंधरा हजार, तेही शंभर-दोनशेच्या नोटांत, वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत. त्याहून जास्त नको. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि डब्यात, साड्यांच्या घडीत ठेवलेले पैसे घेऊन आपल्याच घरच्या बायका रांगेत उभ्या होत्या. घरातली रोकड चोवीस तासांसाठी असते, वर्षासाठी नव्हे.

दुसरा कप्पा, बचत खातं, दोघांच्या नावावर, दोघांकडे स्वतःचं कार्ड आणि दोघांना त्याचा पिन तोंडपाठ. यात दीड-दोन महिन्यांचा खर्च.

तिसरा, बाकीची रक्कम एफडीत, पण एकच मोठी नको. तीन लाखांची एक करण्यापेक्षा साठ-साठ हजारांच्या पाच करा. लागली तेवढी मोडा, बाकीच्या व्याज खात राहतील. सिनियर सिटिझन योजना उत्तम आहे, तिथेही पैसे असावेत, पण वर्षाच्या आत मोडली तर मिळालेलं व्याज परत वसूल होतं, पुढेही दंड आहे. तिला या कप्प्यात धरू नका.

आणि सगळं एकाच बँकेत नको, विशेषतः जिथे पाव-अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवलंय तिथे. ठेवीचा विमा माणशी, एका बँकेत, व्याज धरून पाच लाखांचा आहे. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो एक लाखाचाच होता. बँकेवर निर्बंध आले तर ही रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. चांगली तरतूद आहे. पण ९० दिवस हॉस्पिटल थांबत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी खातेदाराला काढता येत होते फक्त एक हजार रुपये. म्हणून दोन बँका, आणि त्यातली एक तरी मोठी.

पोरांचा एक आक्षेप राहतो. "काका, इतके पैसे अडकवून ठेवायचे? महागाईत झिजतात." झिजतात, खरं आहे. बचत खात्यात अडीच-तीन टक्के मिळतात. समजा तीन लाख रुपयांवर वर्षाला चार टक्के कमी मिळाले, तर नुकसान १२,०००. महिन्याला हजार रुपये. मी याला नुकसान म्हणतच नाही. वॉचमनला आपण पगार देतो तसा हा पगार आहे, आणि वर्षभर चोर आला नाही म्हणून कोणी वॉचमनकडे पैसे परत मागत नाही. पण याच कारणासाठी कोठी गरजेपेक्षा मोठीही करू नका. पंचवीस-तीस लाख बचत खात्यात नुसते पडलेले मी पाहिले आहेत, केवळ भीतीपोटी. आकडा ठरला, भरला, की पुढचा रुपया दुसऱ्या कामाला लावा. वापरला तर आधी ती भरा, मग बाकीचं. दर गुढीपाडव्याला एकदा हिशोब बघा, कारण किराणा १४,००० वर थांबत नाही.

ज्यांच्याकडे आज काहीच नाही त्यांनी सव्वाचार लाखांचा आकडा पाहून घाबरू नये. आधी एक महिन्याचा खर्च उभा करा. महिना पाच हजारांची आरडी लावली तर वर्षात साठ हजार होतात, म्हणजे वरच्या घराचा जवळजवळ एक महिना. एक महिना हाताशी असलेलं घर आणि काहीच नसलेलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी कर्ज मागायला आलेल्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

शेवटी एक विनंती, खास करून पुरुषमंडळींना. एका कागदावर लिहा. कोणत्या बँकेत किती, पावत्या कुठे, मेडिक्लेमचा नंबर, एजंटचा फोन, कोणत्या खात्यावर कोणाची सही चालते. तो कागद बायकोला वाचून दाखवा आणि ती म्हणेल त्या जागी ठेवा. मग येत्या सोमवारी दोघं मिळून बँकेत जा आणि ज्या पावत्या एकट्याच्या नावावर आहेत त्यांचं काय करता येईल ते विचारा. "तिला यातलं काही कळत नाही" असं म्हणू नका. गव्हाचा हिशोब ती आयुष्यभर करत आली आहे.

तुमच्या घरी ही सोय कशी केली आहे ते जरूर लिहा. आकडा नको, पद्धत सांगा. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.